पहिलं चित्र विकत घेताना

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेलं. त्याआधी मार्चमध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ ११८ कोटींच्या घरात विकलं गेलं होतं. बातमी आली त्या दिवशी आमच्या ऑफिसात डबा खाताना दुसरा विषयच नव्हता. एवढं असतं काय त्या चित्रात? आणि ते घेणारी माणसं असतात तरी कोण?

बातमीतली एक गोष्ट मात्र टेबलावर कोणालाच ठाऊक नव्हती. गायतोंडे नागपुरात जन्मले, २ नोव्हेंबर १९२४ रोजी. सय्यद हैदर रझा यांच्या ‘जेस्टेशन’ या चित्राला २०२३ मध्ये ५१ कोटी ७५ लाख मिळाले. हे रझाही १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते. पुढे दोघंही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. नंतर गायतोंडे दिल्लीत राहिले, रझा फ्रान्सला. चित्र काढणाऱ्या माणसाने नागपूर सोडायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे आणि आजही फारशी बदललेली नाही. शिकायला इथे मिळतं, विकत घेणारं कोणी मिळत नाही.

कोटींच्या बातम्या वाचून आपण ठरवून टाकतो की चित्र घेणं हा आपला प्रांत नाही. पण त्या बातम्या बाजाराच्या एका टोकाच्या असतात. दुसऱ्या टोकाला याच शहरात एखादी तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आपलं चित्र मिक्सरच्या किमतीला विकायला तयार असते आणि दिवसभर कोणी भावसुद्धा विचारत नाही. हा लेख त्या दुसऱ्या टोकाचा आहे. मी बँकेत नोकरी करते, कलेचं शिक्षण नाही, आणि २०१२ पासून अधूनमधून नव्या चित्रकारांची चित्रं घेते. आज घरात सतरा आहेत.

## समकालीन कोण, नवोदित कोण

समकालीन कला म्हणजे आपल्या काळात, आज काम करत असलेल्या कलाकारांची कला. ती कॅनव्हासवरच असते असं नाही. कागदावरची रेखाटनं, प्रिंट, शिल्प, फोटो, कापडावरचं काम, सगळं त्यात येतं. ‘आधुनिक’ हा शब्द आपण बोलताना याच अर्थाने वापरतो, पण चित्रांच्या बाजारात गायतोंडे, रझा, हुसेन यांच्या पिढीला आधुनिक म्हणतात. समकालीन ही त्यांच्या पुढची मंडळी.

समकालीन म्हटलं की शहरी, अमूर्त काहीतरी डोळ्यांसमोर येतं. त्याला माझी हरकत आहे. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे आदिवासी चित्रकार जनगढसिंह श्याम यांना १९८०च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राने पुढे आणलं आणि गोंड-परधान चित्रकलेत एक संपूर्ण नवी शैली उभी राहिली. त्या शैलीत आज काम करणारी तरुण मुलं तितकीच समकालीन आहेत.

नवोदित म्हणजे ज्याने नुकतं प्रदर्शन करायला सुरुवात केली आहे, ज्याच्या नावाला अजून बाजारात भाव नाही. वयाशी याचा संबंध नाही. निवृत्तीनंतर पहिलं प्रदर्शन लावणारे शिक्षकही नवोदितच.

## बाजार दोन असतात

चित्र पहिल्यांदा विकलं जातं ते चित्रकाराकडून किंवा त्याच्या वतीने गॅलरीकडून. याला प्राथमिक बाजार म्हणतात. घेणाऱ्याने ते पुढे कधीतरी विकलं, लिलावात ठेवलं, की तो दुय्यम बाजार.

हा फरक आपल्याकडे प्लॉटच्या व्यवहारात सगळ्यांना कळतो. ले-आउट पडला तेव्हा मूळ मालकाकडून घेणारा वेगळा आणि तीस वर्षांनी त्याच प्लॉटचा रीसेल करणारा वेगळा. रीसेलचा भाव कितीही चढला तरी मूळ मालकाच्या हातात काही पडत नाही. गायतोंडे २००१ मध्ये गेले. ६७ कोटींतला एक रुपयाही त्यांनी पाहिला नाही.

म्हणून चित्रकाराच्या पोटापाण्याच्या दृष्टीने पहिला खरेदीदार सगळ्यात महत्त्वाचा. होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी १९५० आणि ६० च्या दशकांत त्या वेळच्या तरुण चित्रकारांची कामं घेतली, त्यात हुसेन होते, गायतोंडेही होते. तेव्हा त्या नावांना आजचा भाव नव्हता. कोणीतरी पैसे मोजले म्हणून पुढच्या कॅनव्हासची सोय झाली. आपण नवोदित चित्रकाराचं चित्र घेतो तेव्हा हेच करतो, लहान प्रमाणात.

## “पण मला चित्रातलं काही कळत नाही”

हा आक्षेप मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो प्रामाणिक असतो. शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या बाईंनी घेतला, घरात भिंतीवर कॅलेंडर होतं, मग कळणार कुठून?

डोळा पाहून तयार होतो, त्याला वेगळी शिकवणी नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात साडी घेणारी बाई काय करते बघा. ती पदर उलटा करते, विणीवर बोट फिरवते, दोन धागे कुठे सुटलेत का बघते, साडी अंगावर टाकून दारातल्या उजेडात जाते. हातमागाची कोणती आणि पॉवरलूमची कोणती हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. शंभर साड्या हाताखालून गेलेल्या असतात. चित्राचंही असंच आहे. सहा महिने काही घ्यायचं नाही असं ठरवा आणि दर महिन्याला एक तरी प्रदर्शन बघा. प्रत्येक प्रदर्शनात एकाच चित्रासमोर दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटं फार वाटतात, तिसऱ्या मिनिटाला पाय पुढे जायला लागतात. थांबाच. रंग कुठे जाड लावलाय, कुठे खरवडलाय, कोणती जागा मोकळी सोडलीय, नजर आधी कुठे जाते आणि मग कुठे वळते, हे तेव्हा दिसायला लागतं.

घरी आल्यावर एक साधी परीक्षा घ्या. दोन दिवसांनी त्यातलं कोणतं चित्र आठवतंय? आवडलेलं आणि आठवणारं बरेचदा वेगळं निघतं. मी आठवणाऱ्याच्या बाजूने असते. लगेच आवडलेलं गोड चित्र भिंतीवर वर्षभरात वॉलपेपर होऊन जातं.

जहांगीर निकल्सन हे मुंबईचे कापसाचे व्यापारी. १९६८ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर ते चित्रं घ्यायला लागले. त्यांनी जमवलेली आठशेच्या आसपास कामं आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जपली आहेत. तेही पाहत पाहतच शिकले.

## “असं तर आमचं पोरगंही काढेल”

अमूर्त चित्रासमोर हे वाक्य हमखास येतं. मी उलट विचारते: काढेल, पण उद्या पुन्हा काढेल का? परवा त्यातली एक रेघ बदलून तिसरं काढेल का? चित्रकार एकाच प्रश्नाभोवती वर्षानुवर्षं फिरत असतो. म्हणून एका चित्रावरून ठरवू नका. त्याची दहा-पंधरा कामं बघायला मागा, जुनीसुद्धा. त्यांत एक धागा दिसतो का, तो पुढे सरकतोय का, की तीच नक्कल चालू आहे, हे पाहिलं की अंदाज येतो. रोज सूर लावणाऱ्याचा सा आणि सहज गुणगुणणाऱ्याचा सा वेगळा ऐकू येतो, तसंच.

आणि इतकं करूनही एखादं चित्र तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, तर सोडून द्या. सगळी चित्रं सगळ्यांसाठी नसतात.

## नागपुरात बघायचं कुठे

सगळ्यात चांगली जागा म्हणजे कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं. शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्या शहरात आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांची कामं पाहायला आपल्याला कोणी अडवत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात, लोकमत भवनातल्या जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरीतही लागतात. कला संचालनालयातर्फे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरतं, त्यात विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग असतात. कोणाचं काम निवडलं गेलं त्याची यादी हाताशी ठेवली तर पुढे शोधायला नावं मिळतात.

थोडं बाहेर जायची तयारी असेल तर हावडा मार्गावरून छत्तीसगढमध्ये शिरल्यावर खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, १९५६ पासूनचं. मुंबईला कामानिमित्त गेलात तर जहांगीर आर्ट गॅलरी चुकवू नका. तिथे तारीख मिळवायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, म्हणून जे लागलेलं असतं ते मन लावून केलेलं असतं. कोचीच्या बिएनालेसोबत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनासोबत, विद्यार्थ्यांचं वेगळं प्रदर्शन भरतं, देशभरातल्या कला महाविद्यालयांतलं ताजं काम तिथे एकत्र दिसतं.

आणखी एक जागा लोक विसरतात: फ्रेमवाल्याचं दुकान. चित्रकाराची कामं प्रदर्शनाआधी त्याच्याकडेच येतात. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये मुंबईत फ्रेमचा धंदा सुरू केला, दुकानाच्या काचेत ते तरुण चित्रकारांची कामं लावायचे, आणि १९६३ मध्ये त्यातून गॅलरी केमोल्ड उभी राहिली. आमच्या बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, फ्रेमवाल्या काकांकडून मला तीन चित्रकारांची नावं कळली, तिन्ही चांगली निघाली.

मोबाइलवरही आता पुष्कळ दिसतं. चित्रकार आपली पानं चालवतात, रोज काम टाकतात. नाव शोधायला हे उत्तम. पण घेण्याआधी प्रत्यक्ष बघा. पडद्यावर चार इंचांचं आणि चार फुटांचं चित्र सारखंच दिसतं आणि रंगाचा थर कळतच नाही.

## किंमत कशी ठरते आणि घासाघीस करावी का

नवोदितांच्या किमतीत गूढ फारसं नसतं. बरेच चित्रकार आणि गॅलऱ्या चौरस इंचाचा दर धरतात. समजा दर २० रुपये आहे आणि चित्र २४ बाय ३० इंचांचं आहे, तर ७२० चौरस इंचांचे १४,४०० रुपये होतात. नाव वाढलं की दर वाढतो. कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा स्वस्त असतं, प्रिंट त्याहून स्वस्त. विद्यार्थ्याची प्रिंट चार-पाच हजारांतही मिळून जाते.

आता घासाघीस. आपल्याला सवय आहे आणि ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या १४,४०० च्या मागे काय आहे ते बघा. कॅनव्हास, रंग, फ्रेम, हॉलचं भाडं, पत्रिका, चित्रं आणायचा टेम्पो, उद्घाटनाचा चहा. भाड्याच्या हॉलमध्ये हा सगळा खर्च चित्रकाराच्या खिशातून होतो. गॅलरीमार्फत विक्री झाली तर किमतीच्या तीस ते पन्नास टक्के गॅलरीकडे जातात. चित्राला लागलेले तीन आठवडे अजून हिशेबात धरलेलेच नाहीत.

गॅलऱ्या बऱ्याचदा स्वतःहून दहा टक्क्यांच्या आसपास सूट देतात, ती घ्यावी. त्यापुढे किंमत पाडण्याऐवजी हप्ते मागा. तीन-चार महिन्यांत पैसे देतो म्हटलं तर बहुतेक चित्रकार आनंदाने तयार होतात. मी निम्मी चित्रं अशीच घेतली आहेत. आणि चित्र ठरवलं की लगेच थोडी रक्कम द्या, म्हणजे चित्राखाली लाल टिकली लागते. प्रदर्शनात लाल टिकली म्हणजे विकलं गेलेलं. पहिल्या दिवशी एक टिकली दिसली की बाकीचे बघेही थोडे धीट होतात. चित्रकारासाठी त्या पहिल्या टिकलीचं मोल पैशांपलीकडचं असतं, मी त्यांचे चेहरे पाहिले आहेत.

तोंडदेखलं ‘बघू, कळवतो’ मात्र म्हणू नका. घ्यायचं नसेल तर चित्राबद्दल दोन शब्द बोला आणि निघा. तो माणूस फोनची वाट बघत बसतो.

## प्रिंट म्हणजे झेरॉक्स नव्हे

नव्या संग्राहकाला मी नेहमी प्रिंटपासून सुरुवात करायला सांगते, आणि नेमका इथेच गोंधळ होतो. लाकडाच्या फळीवर चित्रकार उलटं चित्र कोरतो, शाई लावतो आणि कागदावर ठसा घेतो. हा वुडकट. धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेतला तर एचिंग. कोरणं, शाई, दाब, सगळं त्याच्या हातचं, म्हणून प्रत्येक ठसा हे मूळ चित्रच असतं. किती ठसे काढायचे हे आधी ठरतं. खाली पेन्सिलीने ३/१० लिहिलेलं असेल तर दहांपैकी तिसरा. या ठरावीक संख्येला एडिशन म्हणतात.

याउलट, कॅनव्हासचा फोटो काढून चांगल्या कागदावर यंत्राने छापलेलं चित्र ही फक्त प्रत. तीही सुंदर दिसते, कोणी घ्यावीही, पण मूळ म्हणून आणि मूळच्या किमतीला घेऊ नये. सरळ विचारा: ठसा हाताने घेतलाय का? एडिशन किती? फळी अजून आहे का? खरा प्रिंटमेकर या प्रश्नांनी खूश होतो आणि अर्धा तास बोलतो.

## “उद्या याचे किती येतील?”

माझं पहिलं चित्र म्हणजे एक वुडकट. मुसळधार पावसात रस्त्याच्या कडेला थांबलेला सायकलरिक्षा आणि हुडाखाली पाय पोटाशी घेऊन बसलेला रिक्षावाला. पाऊस दाखवलाय तो नुसत्या पटाशीच्या लांब फटकाऱ्यांनी. २०१२ मध्ये साडेतीन हजारांना घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढ्यात एक ग्रॅम सोनं आलं असतं.” खरंच आलं असतं. त्या एका ग्रॅमचे आज चौपट तरी झाले आहेत. वुडकट काढणारा मुलगा पुढे एका शाळेत कलाशिक्षक झाला आणि प्रदर्शनं थांबली. बाजाराच्या भाषेत त्याच्या चित्राला आज भाव नाही.

गुंतवणूक म्हणून कोणी विचारलं तर मी हा हिशेब आधी मांडते. नवोदितांपैकी बहुतेकांच्या चित्रांचा दुय्यम बाजार कधी तयारच होत नाही. ज्यांचा होतो त्यांनाही वीस-तीस वर्षं लागतात. चित्रावर व्याज नाही, भाडं नाही, आणि अडचणीत दोन दिवसांत विकून पैसे उभे करता येत नाहीत. २००६ ते २००८ च्या दरम्यान भारतात समकालीन चित्रांचे भाव भडकले, लोकांनी चित्रांच्या फंडांत पैसे घातले, मग २००८ ची जागतिक मंदी आली आणि भाव कोसळले. किती जणांचे पैसे अडकले.

मग घ्यायचं कशासाठी? माझं उत्तर सरळ आहे. तो रिक्षावाला गेली इतकी वर्षं माझ्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. माझी मुलगी त्याच्याकडे बघत मोठी झाली. लहानपणी तिने विचारलं होतं, पाऊस थांबल्यावर हा कुठे जाईल? सोन्याच्या त्या एका ग्रॅमने हे केलं नसतं. जेवढे पैसे परत आले नाहीत तरी झोप उडणार नाही तेवढेच चित्रावर घाला, आणि घालताना हात आखडू नका.

एक विनंती मात्र आहे. चित्रकाराचं नाव होताच चित्र लगोलग चढ्या भावाने विकू नका. नवख्याची दोन-चार चित्रं एकदम बाजारात आली आणि त्यांतलं एक पडून राहिलं, तर त्याचा पुढचा भाव मोडतो.

कराचं थोडक्यात. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री करणाऱ्या चित्रकाराला नोंदणीची गरज नसते, त्यामुळे त्याच्याकडून थेट घेताना हा प्रश्न सहसा येत नाही. पुढे कधी नफ्यात विकलंत तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, कारण प्राप्तिकर कायदा चित्राला घरातल्या टेबल-खुर्चीसारखी वैयक्तिक वस्तू मानत नाही.

## चित्र तुमचं झालं, हक्क चित्रकाराकडेच राहतो

दिवाळी अंक काढणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, “तुझ्याकडचं ते निळं चित्र मुखपृष्ठाला दे ना.” मी म्हटलं, मी देऊ शकत नाही. तिला वाटलं मी भाव खातेय.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॅनव्हास विकला म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करार करूनच द्यावा लागतो, एरवी चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वारसांकडे. म्हणजे ते चित्र तुम्ही भिंतीवर लावू शकता, विकू शकता, कोणाला देऊ शकता. पण मुखपृष्ठ, कॅलेंडर, कपावर छपाई, यांना चित्रकाराची परवानगी हवी. शेत विकत घेताना विहिरीच्या पाण्याचा हक्क वेगळा राहावा तसं हे आहे.

चित्राची मोडतोड करायचाही अधिकार आपल्याला मिळत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं भव्य म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची वाताहत झाली. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई आणि म्युरलचे उरलेले भाग परत द्यायला लावले. मालक सरकार होतं तरीही.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या रकमेत चित्रकाराला वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के. दुय्यम बाजाराबद्दल वर लिहिताना जो अन्याय मनात होता, त्यावरचं हे उत्तर आहे. आपल्यासारख्यांनी ते स्वतःहून पाळावं.

## नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

बाहेरची पुस्तकं सांगतात की चित्रं दमट हवेपासून जपा. आपल्याला वाटतं, नागपुरात दमट हवा कुठली? २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, बाहेर तोंड काढलं की ओठ फुटतात. पण घरात आपण काय करतो? एप्रिल लागला की वाळ्याच्या ताट्या बदलून कूलर लावतो आणि दिवसरात्र पाण्याची ओली हवा भिंतीवर मारतो. खोलीबाहेर वाळवंट असतं आणि आत कोकण. कागद ओलावा पितो, कूलर बंद झाला की सुकतो, पुन्हा पितो. लगेच जूनमध्ये पाऊस येतो. सोबत बुरशी.

माझं एक जलरंगातलं चित्र असंच गेलं. एका दुकानात फ्रेम करून घेतली होती. काच थेट कागदाला टेकलेली, मागे साधा हार्डबोर्ड. कूलरच्या समोरची भिंत. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके उमटले, ते काचेला चिकटले आणि सोडवताना रंगासकट निघाले. चित्रकर्तीला हे सांगायला मला वर्ष लागलं.

तेव्हापासून काही गोष्टी मी सोडत नाही. कागदावरचं काम असेल तर काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवंच. माउंट आणि मागचा बोर्ड ॲसिड-फ्री हवा. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की कसं पिवळं पडतं, ते त्या कागदातल्या लिग्निन नावाच्या घटकामुळे, त्यातून आम्लही तयार होतं. साध्या बोर्डातही ते असतं आणि काही वर्षांत चित्राच्या कडांना तपकिरी पट्टा येतो. फ्रेमवाल्याला ‘ॲसिड-फ्री’ हा शब्द उच्चारून सांगा, वरचे दोन-तीनशे रुपये द्या, आणि समोर उभं राहून लावून घ्या.

कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या उन्हात आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र नको. जलरंग उजेडाने फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत कागदावरची कामं ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतक्याच उजेडात ठेवतात, म्हणजे आपल्या बैठकीतल्या ट्यूबलाइटपेक्षा बरंच मंद. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यातून हवा खेळते. दिवाळीच्या साफसफाईत चित्र उतरवून मागची बाजू बघा. वाळवी आणि कसर तिथूनच सुरुवात करतात. काचेवर फवारा मारू नका, फडक्यावर मारा आणि मग पुसा.

## “घरात जागा कुठे आहे?”

न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल नावाचं जोडपं होतं. हर्बर्ट टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे, डोरोथी ग्रंथपाल. १९६२ मध्ये लग्न झालं. तिच्या पगारात घर चालवायचं आणि त्याच्या पगारात चित्रं घ्यायची, हा त्यांचा ठराव. एका बेडरूमचं भाड्याचं घर. नियम असा की चित्र परवडलं पाहिजे आणि घरात मावलं पाहिजे. त्यांनी चार हजारांहून जास्त कामं जमवली. भिंती संपल्या तेव्हा पलंगाखाली ठेवली. १९९२ मध्ये त्यांनी हा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला द्यायचं ठरवलं. जी घेतली ती बहुतेक त्या काळच्या नवख्यांची.

चार हजार सोडा. माझी सतरा आहेत आणि एका वेळी भिंतीवर नऊच असतात. बाकीची कपाटात उभी, जाड सुती कापडात गुंडाळलेली. पाडव्याला आणि दसऱ्याला मी अदलाबदल करते. पाहुण्यांना घर बदलल्यासारखं वाटतं.

## चित्राचा सातबारा

शेवटची गोष्ट कागदाची. चित्र कोणी काढलं, कधी, कोणाकडून कोणाकडे गेलं, या माहितीला इंग्रजीत प्रोव्हेनन्स म्हणतात. आपण त्याला चित्राचा सातबारा म्हणू. मोठ्या नावांच्या बाजारात खोट्या चित्रांचा सुळसुळाट असतो आणि हा माग नसलेलं चित्र कोणी घेत नाही. नवोदिताचं चित्र घेण्यात एक सोय आहे: काढणारा समोर उभा असतो. त्याच्याकडून तिथल्या तिथे एका कागदावर नाव, चित्राचं शीर्षक, साल, माध्यम, मोजमाप आणि सही घ्या. पावती घ्या. चित्राचा मागून-पुढून फोटो काढा. प्रदर्शनाची पत्रिका सोबत ठेवा. सगळं एका फाइलमध्ये.

मी हे शिकले त्याआधी रिक्षावाल्याचा वुडकट घेऊन झाला होता. खाली पेन्सिलीत ३/१० आणि न वाचता येणारी सही, एवढंच. फाइल लावायला घेतली तेव्हा चित्रकाराचा नंबर शोधून फोन केला. मधे अकरा वर्षं गेली होती. आधी त्याला आठवेना, मग एकदम म्हणाला, “ताई, पावसातला?” पुढच्या रविवारी तो घरी आला. सोबत बायको आणि लहान मुलगा.

तो बराच वेळ जेवणाच्या टेबलाशी उभा राहिला. मग म्हणाला की फळी आणि उरलेल्या प्रती गावच्या घरी ट्रंकेत ठेवल्या होत्या, एका पावसाळ्यात वाळवीने सगळं खाल्लं. पहिल्या दोन प्रती मित्रांना दिल्या होत्या, त्या कुठे आहेत माहीत नाही. त्याच्या मुलाने हे चित्र कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी फ्रेम उतरवून टेबलावर ठेवली. त्याने मागच्या बोर्डवर शीर्षक लिहिलं, ‘थांबा’, खाली २०११, खाली नाव. मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होता. त्याने विचारलं, “बाबा, याची पटाशी कुठे आहे?” आहे घरी, तो म्हणाला, माळ्यावर. चहा झाल्यावर उठता उठता त्याने मला विचारलं की वुडकटसाठी बरी फळी आता बर्डीत कुठे मिळते. मी त्याला फ्रेमवाल्या काकांचा नंबर दिला.